पाव, अर्धा, पाऊण: बाजारहाट आणि वाटणीतून मुलांना अपूर्णांक शिकवताना

तिसरी-चौथीतल्या मुलाला विचारा, १/२ मोठा की १/४? बरीच मुलं बेधडक १/४ सांगतात, कारण चार दोनाहून मोठे. त्याच मुलाला अर्धा किलोऐवजी पाव किलो श्रीखंड आणून दाखवा, ते लगेच तोंड वाकडं करील. म्हणजे अपूर्णांक त्याला कळतो. वहीतल्या १/४ चा आणि त्या डब्याचा काही संबंध आहे, हे मात्र त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

घरी शिकवताना सहसा क्रमच उलटा होतो. आधी अंश आणि छेद, मग बेरीज-वजाबाकी, आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरलाच तर, भाजीवाल्याचं एखादं उदाहरण. इथे क्रम असा आहे: आधी हातातली वाटणी, मग तोंडातले शब्द, मग वजन, मग पैसे, आणि लिखाण त्यानंतर. मूल साधारण ८ ते ११ वर्षांचं असावं. रोज पंधरा-वीस मिनिटं आणि आठवड्याला एक बाजारफेरी धरली, तर चार-पाच आठवडे लागतात. मुलाला जमतंय असं वाटलं तरी टप्पा गाळू नका.

तयारी: काय जमवायचं

- कागदाच्या पट्ट्या. ए-फोर कागदातून २४ सेंमी लांब आणि ३ सेंमी रुंद अशा सात पट्ट्या निघतात. लांबी २४ सेंमीच ठेवा. तिचा अर्धा १२, तिसरा हिस्सा ८, पाव ६, सहावा हिस्सा ४ आणि आठवा हिस्सा ३ सेंमी येतो, कुठेही अडत नाही. २५ किंवा ३० सेंमीची पट्टी घेतली की कधी ना कधी दशांश चिन्ह मध्ये येतं आणि मूल मोजण्यातच गुंतून पडतं.
- राजम्याचे किंवा चवळीचे २४ दाणे.
- पुठ्ठ्याची वजनं: ५०, १००, २००, ५०० ग्रॅम आणि १ किलो. प्रत्येकाची दोन-दोन कार्डं.
- खऱ्या नोटा आणि नाणी, एकूण तीनेकशे रुपयांची. खेळण्यातले पैसे नकोत. विसाची आणि पन्नासाची नोट ओळखणं हासुद्धा अभ्यासाचाच भाग आहे.
- घरातली वजन छापलेली पाकिटं: २५० ग्रॅमची चहा पावडर, अर्ध्या किलोचे पोहे, एक किलो मीठ, अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी.
- एक वेगळी वही. शाळेची वही इथे आणू नका. तिथे चूक म्हणजे लाल शेरा, इथे चुका व्हायलाच हव्यात.

टप्पा १: आधी विचारा, ‘कशाचा?’

अपूर्णांकातल्या बऱ्याच चुका इथेच होतात. अर्धा म्हणजे किती, याला एकटं उत्तर नाही. अर्धा कशाचा, ते ठरलं की मगच उत्तर आहे.

टेबलावर चार गोष्टी मांडा: एक किलो मिठाचं पाकीट, दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी, बारा दाण्यांचा ढीग (त्याला डझन म्हणायचं) आणि घड्याळ. प्रत्येक वेळी विचारायचं, ‘यातलं पूर्ण कोणतं? त्याचा पाव किती?’

किलोचा पाव २५० ग्रॅम. लिटरचा पाव २५० मिली. डझनाचा पाव ३. तासाचा पाव १५ मिनिटं, म्हणून सव्वासहा म्हणजे सहा वाजून पंधरा मिनिटं. शंभर रुपयांचा पाव २५ रुपये. एकच ‘पाव’ कुठे ३, कुठे १५, कुठे २५, कुठे २५०. मुलाला हे विचित्र वाटायला हवं. ते विचित्र वाटू द्या, घाईने समजावून मोकळे होऊ नका. प्रत्येक वेळी पूर्णाचे चार सारखे भाग करून एक उचलला, हे त्याने दाणे हलवून स्वतः शोधायचं आहे.

दुधाच्या पिशवीपाशी हमखास घोळ होतो. पिशवी अख्खी आहे, फाटलेली नाही, तर मग ती ‘अर्धी’ कशी? उत्तर: पिशवी एक आहे, लिटर अर्धा आहे. पूर्ण कोणतं धरायचं ते आपण ठरवतो. हे एकदा पचलं की पुढचं बरंच सोपं जातं.

*तपासा:* मूल स्वतःहून ‘पाव? कशाचा पाव?’ असं विचारू लागलं की हा टप्पा झाला. बेकरीवाल्याकडे मागितलेले ‘तीन पाव’ आणि भाजीवाल्याकडचे ‘तीन पाव’ यांत फरक काय, हे विचारून पाहा. बेकरीत हातात तीन नग येतात. भाजीच्या गाडीवर तीन पाव म्हणजे पाऊण किलो.

टप्पा २: वाटणी

वाटणी ताटातल्या खऱ्या पदार्थाने करा. चित्रातला गोल कापता येतो, पण तो समान कापला गेला की नाही यावरून भांडण होत नाही, आणि या टप्प्याला ते भांडण हवंच.

तीन भाकऱ्या, चार मुलं. सुरी मुलाच्या हाती नको. कसं कापायचं ते मुलाने सांगायचं, कापायचं तुम्ही. बहुतेक मुलं दोनांपैकी एका वाटेने जातात.

पहिली वाट: प्रत्येक भाकरीचे चार तुकडे. एकूण बारा तुकडे, प्रत्येकाला तीन. प्रत्येक तुकडा पाव भाकरी, म्हणून वाट्याला तीन पाव, म्हणजेच पाऊण भाकरी.

दुसरी वाट: दोन भाकऱ्या निम्म्या-निम्म्या केल्या, चौघांना एकेक अर्धी मिळाली. उरलेल्या तिसरीचे चार तुकडे केले, प्रत्येकाला एक. वाट्याला अर्धी आणि पाव.

आता दोन ताटं शेजारी ठेवा. एकात तीन तुकडे, दुसऱ्यात दोन. विचारा, जास्त कुणाला मिळालं? मूल तीन तुकड्यांकडे बोट दाखवील. इथे ‘चूक’ म्हणू नका. दोन्ही ताटांतले तुकडे जुळवून भाकरीचा गोल करायला सांगा. दोन्हीकडे सारखीच खाच उरते, पाव भाकरीची. तुकडे मोजायचे नसतात, तुकड्यांचा आकार बघायचा असतो, हे त्या खाचेकडे बघून जितकं कळतं तितकं दहा वेळा सांगून कळत नाही. आणि १/२ + १/४ = ३/४ ही बेरीजही न लिहिता होऊन जाते.

यानंतर क्रमाने द्या: १ पोळी २ जणांत, ३ पोळ्या २ जणांत (दीड), ५ पोळ्या ४ जणांत (सव्वा), ११ पुरणपोळ्या ४ जणांत (दोन-दोन देऊन तीन उरतात, त्यांची पाऊण-पाऊण, म्हणून पावणेतीन). मग २ पोळ्या ३ जणांत. हे शेवटचं मुद्दाम वेगळं आहे. बाजार निम्म्याच्या निम्म्यावर चालतो. पाव, अर्धा, पाऊण याला तिथे शब्द आहेत, तिसऱ्या हिश्श्याला नाही. तीन भावंडांत वाटताना किंवा रिक्षाचं भाडं तिघांत वाटताना मात्र तिसरा हिस्सा लागतोच. तो ‘तीन भागांतला एक’ असाच म्हणायला शिकवा. ‘एक तृतीयांश’ नंतर शाळेत येईलच.

मग न कापता येणाऱ्या वस्तू. १४ पेन्सिली ४ जणांत वाटल्या तर उत्तर साडेतीन येत नाही. प्रत्येकी तीन, उरल्या दोन. सहा अंडी चौघांत? कच्ची असतील तर एकेक, उरली दोन. उकडलेली असतील तर दीड-दीड. आकडे तेच, वस्तू तीच, उत्तर वेगळं. शंभर रुपये तिघांत वाटले तर ३३ प्रत्येकी आणि एक रुपया उरतो. तो कुणी घ्यायचा हे गणित सांगत नाही, ते आपसात ठरवावं लागतं.

*जपा:* ‘तुला मोठा अर्धा, दादाला छोटा अर्धा’ असं घरात सहज बोललं जातं. निदान या महिनाभर तरी टाळा. मोठा अर्धा नसतो. सारखे नसतील ते अर्धे नव्हेत, नुसते तुकडे.

टप्पा ३: शब्द पक्के करा

मराठीत अपूर्णांकांना सुटसुटीत शब्द आहेत. घरात इंग्रजी माध्यमाची मुलं असतील तर ‘हाफ’ आणि ‘क्वार्टर’वर काम भागवलं जातं आणि सव्वा, दीड, पावणेदोन ऐकले की मूल गोंधळतं. हे शब्द पाठ करून घेऊ नका, चालायला लावा.

घराच्या फरशीवर चार लाद्या म्हणजे एक किलो असं ठरवा. भिंतीपाशी शून्य. एक लादी पुढे गेलं की पाव, दुसरी अर्धा, तिसरी पाऊण, चौथी एक. मग सव्वा, दीड, पावणेदोन, दोन. जागा कमी असेल तर २४ सेंमीच्या पट्ट्या टोकाला टोक लावून टेबलावर मांडा आणि बोट चालवा. दर ६ सेंमीला एक शब्द.

अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

‘पावणे’ म्हणजे पाव कमी. मूल पावणेदोन ऐकून दोन आणि पाव, म्हणजे २ १/४, असं समजतं, कारण शब्दात ‘पाव’ही आहे आणि ‘दोन’ही. दोनवर उभं करा आणि एक लादी मागे यायला सांगा. पावणे म्हणजे मागे, सव्वा म्हणजे पुढे. ही हालचाल शरीराला लागली की विसरत नाही.

‘साडे’ तीनपासून सुरू होतं. साडेएक आणि साडेदोन असं कुणी म्हणत नाही, तिथे दीड आणि अडीच. मूल ‘साडेदोन’ म्हणालं तर त्याचा विचार बरोबर आहे, फक्त शब्द बदला.

तिसरी जागा सगळ्यात फसवी, शंभराची. पाऊणशे ७५, सव्वाशे १२५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, अडीचशे २५०. आता ऐका: ‘अडीचशे ग्रॅम मटार द्या’ आणि ‘पाव किलो मटार द्या’ ही एकच मागणी आहे. मुलाच्या कानावर मात्र पहिल्या वाक्यात ‘अडीच’ पडतं आणि ते अडीच किलोचा अंदाज बांधतं. पुन्हा तोच प्रश्न विचारा: अडीच कशाचे? शंभराचे.

*तपासा:* तुम्ही शब्द म्हणा, मुलाने लादीवर उडी मारायची. मग उलट, मूल उभं राहील आणि तुम्ही कोणत्या लादीवर आहे ते विचाराल. पावणेतीन, सव्वादोन आणि पाऊण हे तिन्ही न अडखळता आले की पुढे जा.

टप्पा ४: तराजू

पुठ्ठ्याची वजनं काढा. प्रमाणित वजनांच्या संचात ५०, १००, २००, ५०० ग्रॅम, १ किलो, २ किलो अशी वजनं असतात. अडीचशेचं वेगळं वजन त्यात नसतं. म्हणजे हाताचा तराजू वापरणारा विक्रेता पाव किलो तोलताना २०० आणि ५० अशी दोन वजनं टाकतो. मुलाला आधी हे सांगू नका. ‘पाव किलो तोलून दाखव’ म्हणा आणि कार्डं त्याच्यापुढे सरकवा.

पाव: २०० + ५०. अर्धा: ५००. पाऊण: ५०० + २०० + ५०. सव्वा: १ किलो + २०० + ५०. दीड: १ किलो + ५००. पाऊण तोलताना काही मुलं ५०० वर पुन्हा पाव रचतात, तर काही एक किलोतून पाव काढायला बघतात. दुसऱ्या गटाला विचारा, तराजूत कमी कसं करणार? उत्तर सुंदर आहे: एक किलोचं वजन एका पारड्यात ठेवा आणि पाव किलोची वजनं भाजीच्या पारड्यात. काही मुलं स्वतः इथवर पोचतात.

आता बहुतेक गाड्यांवर इलेक्ट्रॉनिक काटा असतो. त्यावर पाव किलो ०.२५० असा दिसतो, अर्धा ०.५००, पाऊण ०.७५०, दीड १.५००. दशांश अपूर्णांक अजून शिकवायचे नाहीत. एवढंच सांगा: टिंबाच्या डावीकडे पूर्ण किलो, उजवीकडच्या तीन घरांत ग्रॅम. तरी एक चूक होते. ०.०५० बघून मूल ‘पाच दिसला, म्हणजे अर्धा किलो’ म्हणतं. तीनही घरं एका दमात वाचायला लावा: शून्य-पाच-शून्य, पन्नास ग्रॅम.

*तपासा:* भाजी ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे का, हे बघायची सवय याच टप्प्यात लावा. रिकामी टोपली ठेवून काटा शून्यावर आणला, तर टोपलीचं वजन भाजीत धरलं जात नाही.

टप्पा ५: वजनाचे पैसे

नियम एकच: निम्मं करा, मग त्याचं पुन्हा निम्मं. चारने भागायला सांगू नका. ८० ÷ ४ करताना मूल पाढ्यात शिरतं, पण ८० चं निम्मं ४० आणि त्याचं निम्मं २० हे तोंडी होतं.

भाव कोणता निवडता यावर सगळं अवलंबून आहे. पहिल्या आठवड्यात ४०, ६०, ८०, १२० हेच भाव घ्या. दोनदा निम्मं केलं तरी पूर्ण रुपयेच उरतात. भेंडी ८० रुपये किलो: अर्धा ४०, पाव २०, पाऊण ६०. वांगी ६० रुपये: अर्धा ३०, पाव १५, पाऊण ४५, सव्वा किलो ७५. पाऊण काढायच्या दोन वाटा दोन्ही करून घ्या, अर्धा अधिक पाव आणि पूर्ण उणे पाव. दोन्हींचं उत्तर जुळलं तरच बरोबर. मुलाने स्वतःचं उत्तर स्वतः तपासण्याची ही पहिली संधी आहे.

दुसऱ्या आठवड्यात ५०, ७०, ९०. नव्वदचं निम्मं ४५, त्याचं निम्मं साडेबावीस. पन्नास पैसे आता कुणी देत-घेत नाही, मग विक्रेता २२ घेतो, २३ घेतो किंवा २५ घेऊन वर दोन मिरच्या टाकतो. वहीत दोन रकाने करा: ‘हिशोबाने’ आणि ‘दिले’. हिशोबाने साडेबावीस, दिले तेवीस. हे दोन वेगळे ठेवले नाहीत तर मुलाला वाटतं की ९० चा पाव तेवीसच असतो.

यानंतर उलटा हिशोब. मुंबईत गाडीवर भाव बरेचदा किलोचा सांगतच नाहीत. ‘तीस रुपये पाव’ म्हणतात. मग अर्धा किलोचे साठ, किलोचे एकशेवीस. निम्मं करायची सवय लागलेलं मूल इथे तीसचंच निम्मं करून पंधरा सांगतं. त्याचा दोष नाही, आपण तेवढंच शिकवलेलं असतं. म्हणून भाव ऐकला की पहिला प्रश्न हाच: हा भाव कशाचा? पावचा भाव ऐकून किलोचा भाव सांगायचा, असे दहा-बारा प्रश्न तोंडी घ्या. जेवताना, लिफ्टची वाट बघताना, कुठेही.

डझनाचंही इथेच उरका. केळी ६० रुपये डझन: अर्धा डझन ३०, पाव डझन १५, एक केळं ५. पावाच्या लादीत किती पाव आहेत ते दर वेळी मोजायला लावा. बेकरीगणिक फरक असतो, आणि पूर्ण किती ते माहीत नसताना अर्धी लादी म्हणजे किती नग ते ठरत नाही.

टप्पा ६: बाजारफेरी

वेळ नीट निवडा. संध्याकाळी सात वाजता, गाडीतून उतरलेली गर्दी स्टेशनबाहेर भाजी घेत असताना दादरला किंवा घाटकोपरला मुलाला गणित करायला उभं केलं, तर ना मुलाला सुचेल, ना विक्रेत्याला थांबता येईल. सकाळी अकराच्या सुमारास किंवा दुपारी चारला जा. ओळखीची गाडी असेल तर उत्तम. आधी सांगून ठेवा की आज हिशोब मूल करणार आहे.

रोख पैसे न्या. मोबाईलवरून पैसे दिले की सुट्टे परत येत नाहीत, आणि अर्धा धडा त्या सुट्ट्यांतच आहे.

पहिल्या फेरीत दोनच वस्तू. बोलणं साधारण असं व्हावं:

‘मावशी, गवार कशी दिली?’
‘तीस रुपये पाव, बाळा.’
‘अर्धा किलो द्या.’
(मूल तुमच्याकडे वळून, हळू आवाजात) ‘साठ.’
मग पैसे द्यायचे आणि परत किती यायला हवेत तेही आधीच सांगायचं.

‘आधी सांगणं’ महत्त्वाचं आहे. विक्रेत्याने आकडा सांगितल्यावर मूल मान डोलावतं आणि आपल्याला वाटतं त्याला आलं. काट्यावर रक्कम दिसण्याआधी मुलाच्या तोंडून आकडा यायला हवा. चुकला तरी चालेल.

काट्यावर ०.२५० ऐवजी ०.२६५ आलं आणि मावशींनी विचारलं, ‘थोडं जास्त आहे, चालेल?’ तर मुलालाच ठरवू द्या. पावापेक्षा थोडं वर, म्हणून पैसेही थोडे वर. एवढं कळलं की पुरे, नेमका हिशोब नको.

विक्रेता हिंदीत बोलला तरी अडत नाही. सव्वा तोच, डेढ म्हणजे दीड, ढाई म्हणजे अडीच, आणि पाऊण किलोला ‘तीन पाव’ सर्रास म्हणतात. हे ‘तीन पाव’ मुलाच्या कानात बसू द्या. पुढच्या टप्प्यात तेच ३/४ म्हणून वहीत येणार आहे.

*जपा:* चूक झाली तर गाडीपाशी टोकू नका, चारचौघांत हसू नका. आकडा लक्षात ठेवा, घरी येऊन दाणे मांडा.

टप्पा ७: आता वही

इथवर एकदाही १/४ लिहिलेलं नाही, आणि ते मुद्दाम. आता लिहा. रेघेखाली, पूर्णाचे सारखे भाग किती केले. रेघेवर, त्यातले किती घेतले. खालच्याला छेद म्हणतात, वरच्याला अंश. ३/४ आधी ‘चार भागांतले तीन’ असं वाचून घ्या, मग ‘तीन छेद चार’. थेट दुसऱ्यावर गेलात तर मूल दोन सुटे आकडे वाचतं.

१/३ मोठा की १/४, हे पट्टीवर: ८ सेंमी आणि ६ सेंमी. भाग जास्त केले की प्रत्येक भाग बारीक होतो. भाकरी आठवली तरी पुरतं.

१/२ + १/४ = २/६ ही चूक जवळजवळ प्रत्येक मूल एकदा तरी करतं. वरचे वरच्यात, खालचे खालच्यात. नियम सांगून ती जात नाही. पट्टीवर २/६ दाखवायला सांगा: सहा भागांतले दोन, म्हणजे ८ सेंमी. शेजारी १/२ ठेवा: १२ सेंमी. मग विचारा, अर्ध्या किलोवर आणखी पाव घेतलं आणि पिशवी हलकी झाली? मूल स्वतःच खोडरबर उचलतं. त्यानंतर अर्ध्याचे दोन पाव करून द्या: २/४ + १/४ = ३/४. शाळेत याला समच्छेद करणं म्हणतात. मुलाच्या लेखी ते भाकरीच्या अर्ध्या तुकड्यावर आणखी एकदा सुरी फिरवणं आहे.

टप्पा ८: पाकिटं आणि सवलती

हे चौथी-पाचवीच्या मुलांसाठी, घाई नाही.

दोनशे ग्रॅम ५६ रुपये, पाचशे ग्रॅम १३० रुपये. स्वस्त कोणतं? दोन्हींचा १०० ग्रॅमचा भाव काढा: २८ आणि २६. मोठं पाकीट स्वस्त. पाकिटावर छापील किमतीजवळ दर ग्रॅमचा भावही छापलेला असतो. मुलाने उत्तर काढल्यावर तो शोधायला लावा, आपोआप पडताळा मिळतो. आणि २०० ग्रॅमच लागणार असेल तर मोठं पाकीट घेऊन पैसे वाचत नाहीत, हेही बोलून दाखवा.

‘एकावर एक फुकट’ म्हणजे प्रत्येक वस्तू निम्म्या किमतीत. ‘दोनवर एक फुकट’ म्हणजे तीन वस्तू दोनाच्या पैशांत, वाचला तिसरा हिस्सा. मुलंच काय, मोठी माणसंही इथे ‘निम्मं वाचलं’ म्हणतात. ४० रुपयांचे तीन साबण मांडून दाखवा. द्यायचे १२० होते, दिले ८०.

शेवटची यादी

ही यादी मुलाच्या हातात द्या, शेजारी बसा, मदत करू नका.

१. कांदे दीड किलो, ४० रुपये किलो
२. भेंडी पाव किलो, ८० रुपये किलो
३. गवार अर्धा किलो, ३० रुपये पाव
४. केळी अर्धा डझन, ६० रुपये डझन
५. दूध दीड लिटर, अर्ध्या लिटरची पिशवी ३० रुपयांना
६. ३०० रुपये दिले, परत किती?
७. आणलेली केळी चौघांत वाटली, प्रत्येकाला किती?

उत्तरं: ६०, २०, ६०, ३०, ९०. एकूण २६०, परत ४०. केळी दीड-दीड.

चूक कुठे झाली त्यावरून कुठे परत जायचं ते कळतं. कांद्याचे ५० आले तर दीड आणि सव्वा यांची गल्लत आहे, टप्पा ३, लाद्यांवर परत. भेंडीचे ४० आले तर निम्मं एकदाच केलंय, टप्पा ५. गवारीचे १५ आले तर उलटा भाव कच्चा आहे, तोही टप्पा ५ मध्येच. दुधाचे ४५ आले तर मुलाने पिशवीलाच लिटर धरलं आहे, सरळ टप्पा १ वर जा आणि पिशवी पुन्हा टेबलावर ठेवा. केळ्यांचं उत्तर ‘एकेक, उरली दोन’ असं आलं तर ते चूक नाही. विचारा, ‘उरलेली कापली तर?’

पुढच्या शनिवारी तीच यादी, त्या दिवशीच्या भावांनी.